री ओढणारे रंग

सेंकू नदीच्या वरच्या अंगाला, कड्याच्या पोटात,
जिथे गारपिटीत मेंढपाळ मेंढरं कोंबतात,
तिथल्या भिंतीसमोर मी तिवई मांडली.
भिंतीवर काही नव्हतं.
गेरूसारखा एक डाग, त्यावर काजळी,
त्यावर कुणाकुणाच्या पाठी टेकून आलेला तेलकटपणा.

न्ताते सेआबाता म्हणाले, इथे एक इलँड आहे.
मान वळवलेलं. मागचे पाय एकमेकांत अडकलेले.
सात वर्षांचा असताना पाहिलंय मी.
मग आमच्या शेकोट्यांनी खाल्लं त्याला,
माझीही त्यातलीच.

कॅमेऱ्याने तीन साक्षीदार आणले: लाल, हिरवा, निळा.
लाल म्हणाला, दगड आहे.
हिरवा म्हणाला, लाल म्हणतो तेच.
निळ्याने मान वर करण्याचेही कष्ट घेतले नाहीत.
पित्सोत, गावच्या सभेत, असंच होतं:
पहिला मोठ्याने बोलतो, बाकीचे माना डोलावतात,
आणि वेगळं जे असतं
ते कुणाच्या तरी खोकल्यात उरतं.

नुसता उजेड वाढवून भागत नाही.
तिघं मिळून उजळतात, तिघं मिळून मावळतात,
री सुटत नाही.
म्हणून ठिपक्यांचा सगळा ढीग आधी तिरका फिरवायचा.
काकडीसारखा असतो तो, लांबुळका:
जिथे तिघांचं पटतं ती लांबी,
जिथे केसभर बिनसतं ती जाडी.
ती जाडी ताणायची, ताणायची,
काकडीचं कलिंगड होईतो,
मग होता त्या दिशेला परत वळवायचा.

बॅटरी एकोणीस टक्के.
पडदा जांभळा झाला, मग मोरपंखी,
आणि दगडातून आधी वळलेली मान आली.
मग अडकलेले पाय.
मागे चार माणसंही होती, वाकलेली,
त्यांच्याबद्दल न्ताते काही बोलले नव्हते.

रंग खोटा आहे, ते म्हणाले.
हो, मी म्हटलं.
पाय खरे आहेत.
हो.
मग ते मेंढरं मोजायला गेले.
एक कमी भरलं. पुन्हा मोजली.

रात्री खोलीवर सगळे फोटो एकदम प्रक्रियेला लावून झोपले.
पहाटे पाहिलं तर त्यात दोनशे बारावाही गेलेला,
न्ताते रंगपट्टी धरून उभे आहेत तो.
कणसांच्या नक्षीचं घोंगडं,
आणि डाव्या खांद्यावर तळहाताएवढा चौकोन,
हिरवागार, बोंब मारल्यासारखा.
मूळ फोटो उघडला: सलग विटकरी.
मोठा करून पाहिला: विटकरीच.

दाखवावं की नाही, चहा गार होईपर्यंत ठरेना.
दाखवला.
न बघता त्यांचा हात खांद्यावर गेला, नेमका तिथेच.

माथाबांग, ते म्हणाले.
उंदराने कुरतडलं होतं.
क्वाचास नेकच्या तीन दुकानांत धागा जुळेना.
मग तिने पांढरा धागा कांद्याच्या सालींत उकळला,
मग कसल्याशा मुळांत, मग पुन्हा सालींत,
दोन रविवार, अर्धी अर्धी छटा चढवत.
रफू झालं तेव्हा मला म्हणाली, शोध.
उन्हात धरून शोधायचो मी.
बोट दुसरीकडेच ठेवायचो, ती हसायची.
जाईपर्यंत सापडलं नाही मला.
ती गेल्यावर
अंधारात हात फिरवताना लागलं.

पडद्यावरचा चौकोन तसाच हिरवा.
बाहेर कुत्रं कुणावर तरी भुंकत होतं.

हे मिटव, ते म्हणाले.
मिटव म्हणजे, होतं तसं कर.

मी ताण काढून घेतला.
हिरवा ओसरला, कडा विरघळल्या,
लाल, हिरवा, निळा पुन्हा एकमेकांची री ओढू लागले:
घोंगडं आहे, घोंगडं आहे, घोंगडं.

न्तातेंनी लॅपटॉप उचलला, दारातल्या उन्हाकडे नेला,
डोळ्यांपाशी धरला,
आणि शोधू लागले.